साबणाच्या डबीतला प्लेअर

तर स्क्रूने गाडीसाठी म्युझिक प्लेअर बनवला, तो चक्क साबणाच्या डबीत! घरात तिला सगळे स्क्रूच म्हणतात, कारण ती जे काही उघडते ते परत बंद केल्यावर एक तरी स्क्रू हातात उरतोच.

डबीत काय, तर बोटाएवढा बोर्ड, कार्डात बाबांची दोनशे बारा जुनी गाणी आणि मिक्सरची काढलेली बटणं. पण भारी गोष्ट म्हणजे मध्येच करंट गेला तरी गाणं जिथं तुटलं तिथूनच पुढे सुरू व्हायचं.

बाबा म्हणाले, "रविवारी मावशीकडे जायचंय. तिच्या दारापर्यंत गाणं एकही शब्द न गाळता वाजलं, तर गाडीची किल्ली तुझी. नाहीतर मी दुकानातला तयार आणणार, आणि तू पुन्हा गाडीला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाहीस. कळलं?"

लायसन्स काढून आठ महिने झाले होते पोरीला, आणि किल्ली अजून बाबांच्या खिशात! लागली ना कामाला. डॅशबोर्डखाली डोकं घालून उलटी पडली, आणि ड्रायव्हरच्या सीटवर मदतीला आई, किल्ली तेवढ्यापुरती बाबांकडून मागून आणलेली.

"आई, किल्ली फिरव. करंट आला का बघते."

"फिरवली."

"आला! याच तारेला जोडते."

वाजलं की! दहा वेळा तपासलं, दहाही वेळा वाजलं. आई तर सीटवर बसून डुलायला लागली.

रविवारी निघाले तिघं. उतारावरून खाली येईपर्यंत गाणं मस्त. सपाट रस्ता लागला, बाबांनी गाडी पळवली आणि गाणं गप्प. बाबा आरशातून असे हसले, की स्क्रूला वाटलं दार उघडून उडी मारावी. पुढे सिग्नल लागला. गाणं परत सुरू! सिग्नल सुटला, गाणं गप्प.

स्क्रू कपाळावर हात मारून ओरडली, "आई! मी तपासत होते तेव्हा तुझा पाय कुठं होता?"

"कुठं म्हणजे? ब्रेकवर. दारात उतार केवढा, हँडब्रेक मेलेला. पाय काढला असता तर समोरच्यांच्या फाटकात गेलो असतो. आपल्याकडे सगळे तसेच बसतात."

म्हणजे बाईसाहेबांनी प्लेअर जोडला होता ब्रेकच्या दिव्याच्या तारेला! ब्रेक दाबला तरच गाणं.

"हरलीस," बाबा म्हणाले.

पण गंमत ऐका. गाणं होतं बाबांचं जीव की प्राण, आणि तुटलं होतं ऐन कडव्यात. पुढे गतिरोधक आला. एरवी हा माणूस गतिरोधकावरून विमान उडवतो, आज ब्रेक! दोन ओळी ऐकल्या. मग एका कुत्र्याला वाट दिली. मग एका माणसाला, जो बिचारा रस्ता ओलांडतच नव्हता, नुसता उभा होता. मागचे हॉर्न मारून मारून वेडे झाले.

"बावीस वर्षांत," आई पुटपुटली, "पहिल्यांदा मी दाराची कडी न धरता बसलेय."

मावशीच्या दारात गाडी थांबली तरी बाबा ब्रेकवर पाय ठेवून बसलेले. मावशी काचेवर टकटक करतेय, आणि हे बोट वर करून "थांब गं, संपतंय!"

संपलं. स्क्रू मागून म्हणाली, "दोन मिनिटं द्या. तार बदलते, परत बघा."

"खबरदार हात लावलास तर," आई कडाडली. "आणि हो, हरली कशी? अट काय होती? एकही शब्द न गाळता. गळला का एखादा?"

बाबांनी मावशीकडे पाहिलं, तर ती आईच्याच बाजूने उभी. तिला प्रकरण काय ते ठाऊकही नव्हतं. शेवटी त्यांनी किल्ली काढून मागे फेकली.

परतताना स्क्रू चालवत होती. काय चालवते सांगू! रस्ता मोकळा, गाडी अशी लोण्यासारखी, ब्रेकची गरजच नाही. निघताना ब्रेकवर सुरू झालेलं पुढचं गाणं कडव्यातच अडकलेलं, गाडीत शुकशुकाट.

मागच्या सीटवरून बाबा पुढे झुकले. "अगं बाई, चांगलं चालवतेस, कबूल! पण जरा कुणाला तरी आडवं येऊ दे की. धृपद राहिलंय!"