खंडेनवमीचा पाना

नागम्माच्या घरात खंडेनवमीला लोखंडाला सुट्टी असे. फाळ, विळे, खुरपी, आडावरची कप्पी, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, वर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, झेंडूचं फूल वाहायचं आणि दसऱ्याच्या सांजेला सीमोल्लंघन होईस्तोवर त्याला कुणी बोट लावायचं नाही. नियम सासूचा. सासूचे बाकीचे नियम नागम्मानं केव्हाच धाब्यावर बसवले होते, पण हा एक तिनं सासूपेक्षा कडक केला होता.

दसऱ्याला सकाळी मात्र ती बोटीत होती. सुनेच्या, सिंधुच्या, पाच महिन्यांच्या पोरीला उदगीरला स्वामींच्या हातून गळ्यात लिंग बांधायचं होतं, आणि मुहूर्त दुपारचा. गावाचा जुना रस्ता धरणाच्या पोटात गेलेला. लातूर नवा जिल्हा झाल्यावर पैलतीरी जायला सरकारी मोटारबोट आली आणि ती चालवायचं काम तिच्या लेकाला, मल्लिकार्जुनला मिळालं. मग पावसानं तोंड फिरवलं. धरण आटत आटत काठानं नुसता गाळ उरला, मधे जुन्या नदीच्या पात्रात तेवढं खोल पाणी. लातूरच्या तहानेपायी आठवड्यातून दोनदा गेट उघडत. पहिला भोंगा झाला की पावघडीत दुसरा, आणि दुसऱ्याला पाणी सुटे. गेल्या मंगळवारी गुरुपादप्पाचं रेडकू त्या ओढीत सापडलं. वर आलंच नाही.

"अव्वा, आज गेटचा वार हाय," मल्लिकार्जुन निघताना म्हणाला होता. "उद्या जाऊ."

"दसऱ्याला कोण कामावर येतंय? सरकार झालं तरी त्याला बायकापोरं हायत का न्हाई? चल."

बोट पाण्याच्या मधोमध गेल्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. मल्लिकार्जुननं दोरी ओढली. परत ओढली. पेट्रोलचा वास नाकात गेला, इंजिन मात्र ढिम्म. वारा मागून होता आणि बोट हळूहळू आडवी होऊन गेटच्या मनोऱ्याकडं सरकायला लागली.

"बांबू टाक की," नागम्मा म्हणाली.

त्यानं टाकला. अख्खा बांबू बुडाला तरी तळ लागला नाही.

"प्लग तेलानं भरला असंल. काढून पुसला की होतंय," असं म्हणत त्यानं इंजिनचं टोपण उचललं आणि पत्र्याची पेटी उघडली. पेचकस निघाला, पक्कड निघाली, हातोडी निघाली. त्यानं पेटी उपडी केली. "प्लगचा पाना कुठंय?"

"बाप चष्मा डोक्यावर घेऊन घरभर हिंडायचा, तू त्याच वळणावर गेलास," नागम्मा म्हणाली. "नीट बघ."

"नीटच बघायलोय. काल इथंच होता."

"मग पेटी झाडली कुणी? सिंधे, काल पेटीला हात कुणाचा लागला? तुला सगळं लख्ख पुसायची लई हौस."

सिंधुनं मान खाली घातली आणि पोरीला छातीशी आवळलं.

तेवढ्यात भोंगा वाजला. सरकार कामावर आलं होतं.

त्या आवाजानं नागम्माच्या डोक्यातलं काहीतरी सरकलं आणि तिला पाट दिसला. फाळाशेजारी, झेंडूच्या फुलाखाली, तीन पट्टे ओढलेला चकचकीत नळीसारखा पाना. काल पोरगा जेवत असताना तिनंच पेटीतून उचलला होता. फाळ गंजलेले, विळे बोथट, साऱ्या पाटावर शोभेल असं ते एकच लोखंड होतं.

  सून समोर, लेक समोर, आणि आत्ताच एवढं बोलून बसलेली. मल्लिकार्जुन फळ्यांखाली हात घालून चाचपत होता. सिंधु एका हातानं पोर धरून दुसऱ्या हातानं पाणी मागं सारत होती. मनोरा आता एवढा जवळ आला होता की त्याच्यावरचं शेवाळ दिसत होतं.

"शोधू नको," नागम्मा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पाना घरी हाय. पाटावर. म्या नेला."

मल्लिकार्जुननं फळ्यांखालचा हात बाहेर काढला.

"म्या बघितलं होतं, आत्याबाई," सिंधु हळूच म्हणाली. "तुम्ही नेताना."

"मग निघताना बोलली का न्हाईस? आत्ता का न्हाई बोललीस?"

 सिंधुनं गेटकडं एकदा बघितलं, सासूकडं एकदा बघितलं आणि पदर सावरला. नागम्माला तिथं बसल्या जागी उमगलं. पोर मांडीवर घेऊन ही मरायला निघाली होती, पण तोंड उघडायला धजली नव्हती.

मल्लिकार्जुननं पक्कड लावली. तिचा जबडा प्लगवर बसेना. "ह्याहून मोठं कायतरी पाहिजे. हातोडी मारावी तर आतली चिनीमाती फुटंल, मग इंजिन गेलंच."

नागम्मानं कमरेची पानसुपारीची चंची ओढली. तिच्यातून आडकित्ता काढला, बिदरचा, वीतभर लांब दांड्यांचा, तिच्या आईचा. "ह्याचं तोंड मोठं हाय."

"मोडंल, अव्वा."

"मोडू दे. धर."

पोरीच्या दुपट्याची किनार फाडून त्यांनी प्लगच्या कडांना गुंडाळली. आडकित्ता दोनदा निसटला. तिसऱ्यांदा नागम्मानं दोन्ही हातांनी दांड्या आवळून धरल्या आणि मल्लिकार्जुननं तिच्या मुठींवर मूठ ठेवून जोर केला. कर्र झालं. तिला वाटलं, प्लग फुटला. पण तो फिरला होता. काळा, तेलानं निथळणारा. सिंधुनं तो पदरानं पुसला, काडी ओढून त्याचं टोक भाजलं, परत पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं बोटांनी फिरवून बसवला, आडकित्त्यानं आवळला.

दुसरा भोंगा झाला. पाणी खालून थरथरलं आणि बोटीला कुणीतरी धरून खेचल्यासारखं झालं. दोरी एकदा ओढली, काही नाही. पोरगी रडायला लागली. दुसऱ्यांदा इंजिन धूर ओकत, अडखळत सुरू झालं. किती तरी वेळ मनोरा जिथल्या तिथंच दिसत राहिला. मग तो लहान व्हायला लागला.

पैलतीरी उतरताना नागम्मानं कुणाचा हात धरला नाही, एकटीच गाळ तुडवत गेली.  उदगीरला पोचल्यावर मठाच्या आधी ती एका स्कूटरच्या गॅरेजपुढं थांबली. स्कूटरचा पाना बोटीला बसतो, हे मल्लिकार्जुननं वाटेत सांगितलं होतं. पाना घेऊन तिनं तो सिंधुच्या हातात ठेवला.

"पेटीत ठेवू नको. तुझ्यापाशी ठेव. म्या मागितला तरी द्यायचा न्हाई."

"आन् तुम्ही ओरडलात तर?"

"ओरडंन की. मेली न्हाई मी अजून. तरी द्यायचा न्हाई."

पोरीच्या गळ्यात लिंग बांधून झालं. सांजेला ते परत बोटीत बसले. गेट बंद झालं होतं, पाणी गप्प होतं, तरी नागम्मानं दोन्ही हातांनी काठ धरला होता. मधोमध आल्यावर इंजिनचा आवाज जरा बदलला, निदान तिला तसं वाटलं. 

"सिंधे," ती म्हणाली, "दे बघू तो पाना इकडं. माझ्यापाशी राहू दे."

सिंधुचा चेहरा उतरला.  तिनं पाना पदराखाली सरकवला, दुसऱ्या हातानं पोरीला सावरलं आणि पाण्याकडं बघत राहिली.

नागम्मानं परत मागितला नाही.