दयाळाच्या फोटोतला कावळा

देवजीच्या पिंडाला शेवटी कावळा शिवला. ते झालंच नाही असं धरून चालायचं, हे त्याच्या बायकोने, गिरजाबाईने, ठरवलं होतं. कारण कावळा दर्भाचा होता. खरे कावळे खाडीकाठी ढिगाने बसले होते, पण एकही खाली उतरेना. दुपार कलली तेव्हा भटजींनी गवताचा कावळा वळून पिंडाला टेकवला आणि मंडळी सुटल्यासारखी जेवायला गेली.

आता ती बागेतल्या पेरूखाली पत्रावळ मांडत होती. भात, वर सुकट. रोजचंच झालं होतं. खरा कावळा शिवेपर्यंत ती जेवत नसे, आणि कावळा शिवत नसे. दिवेलागणीला लेकाने हात धरून बसवलं की दोन घास गिळायची. लुगडं अंगावर राहीनासं झालं होतं.

लेक, जयदेव, बादलीआड उकिडवा बसून दयाळ पक्ष्याचा फोटो घेत होता. बेलापूरला जमिनीच्या ऑफिसात कारकून. सेकंडहँड कॅमेरा, आणि बागेत जे हलेल ते टिपायचा नाद. बाग म्हणजे नेरुळच्या नव्या वसाहतीतल्या बैठ्या घरामागचा तुकडा. शिरवणे गावाची शेतं सरकारने घेतली, त्यांवर वसाहत झाली, घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि जयदेवला नेमकं बापाच्याच भातशेतात घर लागलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. देवजीने त्या घरात पाऊल ठेवलं नाही. शेतात कोणी चपला घालून जातं का, एवढंच म्हणाला होता.

दयाळ उडाला. रोल संपला होता. जयदेवने तो वाशीला धर्मराजच्या स्टुडिओत टाकला.

फोटो आले, त्यात कावळा होता. दयाळाच्या मागे कावळा. सरड्याच्या शेजारी कावळा. नाकतोडा इतक्या जवळून घेतला होता की दुसरं काही मावणं शक्य नव्हतं. तिथे कावळ्याचा नुसता पाय होता. काढताना बागेत कावळा नव्हता, असं जयदेवने सांगितलं. धर्मराजने चष्मा कपाळावर सरकवला.

"टेन्शन घेऊ नको. लग्नाच्या फोटोंत बी एक माणूस असतोच, कोणाकडचा ते कळत नाय."

घरी गिरजाबाईने फोटो जमिनीवर मांडले. मग हलवले. नळाजवळचा आधी, तुळशीपाशीचा त्याच्या पुढे, संडासाच्या भिंतीचा टोकाला. सगळे ओळीने लागल्यावर कावळा चालत होता. नळापासून तुळशीपर्यंत सरळ, तिथे वळून भिंतीकडे. मान खाली, कुठे फुटलंय का बघत.

"बापूस हाय तुजा," ती म्हणाली. "बांद फिरतंय."

तिथे आता बांध नाही, गटाराची लाइन आहे, असं जयदेव म्हणाला.

"त्याला कोन सांगनार?"

मग ती बोलत राहिली. कावळा अडला की जीव कशात गुंतलाय ते घरच्यांनी ओळखायचं आणि तोंडाने कबूल करायचं. घाटावर सगळ्यांनी भरभरून कबूल केलं होतं: बायकोला सांभाळू, नातवाला शिकवू, होडी रंगवू. जमिनीचं नाव कोणी काढलं नाही. लेक जमिनीच्याच ऑफिसात, उगाच त्याला वाईट वाटायचं.

"तुज्या हापिसानं घेतली. तूच बोल."

दुसऱ्या दिवशी भात मांडला तेव्हा कावळा खरोखरच पेरूवर होता. जयदेवने गळ्यातला कॅमेरा काढून पायरीवर ठेवला. हात जोडले. जमिनीबद्दल बापाशी तो कधीच बोलला नव्हता, त्यामुळे घरचे शब्द काही येईनात. आई तोंडाशी पदर धरून उभी होती. भात निवत होता. कावळ्याने मान तिरकी केली.

जयदेवने घसा साफ केला आणि वर पाहत, पण बेलापूरपर्यंत जाईल अशा आवाजात, सुरुवात केली.

"सविनय सादर करण्यात येते की, सदर जमिनीवरील घरे, गटारे व रस्ते तात्काळ हटवून ती बांधासह, लावणीपूर्वी, मूळ कब्जेदार देवजी, हल्ली मुक्काम पेरूचे झाड, यांचे ताब्यात देण्यात यावी, ही विनंती."