सतरा नंबरचा प्रस्ताव

हेल्का रांताकारी आणि वेइक्को सालोविर्ता चौदा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ती तुर्कूला, तो हेलसिंकीला. मध्ये रेल्वेचे दोन तास. विषय मात्र दोघांचा एकच. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळल्या की त्यांच्यातला वायू घुसळून निघतो आणि तारे गुच्छागुच्छाने जन्माला येतात. ते गुच्छ शोधायचे, मोजायचे, त्यांची वयं काढायची. हे काम करणारी सगळ्या जगातली माणसं दोन-तीन बसमध्ये मावतील. त्यातली दोघं अबोला धरून बसली की परिषद भरवणाऱ्यांचे काय हाल होतात, ते त्यांनाच विचारावं.

झालं असं होतं. हेल्काने अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांवर दीड वर्ष खपून दीर्घिकांच्या एका जोडीत तीनशे बारा गुच्छ मोजले. भर सभेत वेइक्को उठला आणि म्हणाला, "मोजणी छानच आहे गं. पण बसण्याआधी चष्मा पुसला होतास ना?"

सभागृह खो खो हसलं. त्यावर त्याने एक लेखही लिहिला. त्यात म्हटलं होतं की यातले निम्मे गुच्छ हे गुच्छच नाहीत, धुळीच्या फटींतून झिरपणारा मागचा उजेड आहे. नंतरच्या परिषदेत तो कॉफीच्या रांगेत दिसला, तशी ती कॉफी न घेताच परत फिरली. फिनिश बाईने कॉफी सोडली म्हणजे प्रकरण किती टोकाला गेलं होतं, ते सगळ्यांना कळलं.

यंदा फेब्रुवारीत तिला नव्या अवकाश दुर्बिणीच्या निवड समितीवर बोलावलं. ही दुर्बीण अवरक्त प्रकाशात बघते, त्यामुळे धुळीच्या आड लपलेलंही तिला दिसतं. तिचा वेळ मिळावा म्हणून जगभरातून प्रस्ताव येतात. नियम असा, की प्रस्तावावर नाव लिहायचं नाही. स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेखही परक्या माणसाने केल्यासारखा करायचा. प्रस्ताव कुणाचा, हे निवड झाल्यावरच उघड होतं.

सकाळी दहाला वेलची घातलेला दालचिनीचा पाव चघळत हेल्काने सतरा नंबरचा प्रस्ताव उघडला आणि दुसऱ्याच पानावर "अगं बाई!" म्हणून ओरडली.

समोरच्या टेबलावरच्या सहकारी सिर्पाने मान वर केली. "काय झालं?"

"सांगता येत नाही. गुप्त आहे."

"मग ओरडलीस कशाला?"

"ते आतून आलं."

पानावर लिहिलं होतं : 'या जोडीतल्या गुच्छांची जुनी मोजणी अत्यंत काळजीने केलेली होती. तिच्यावर पुढे झालेली टीका घाईची होती. टीकाकाराने धुळीचा विचार केला, पण मोजणाऱ्या नजरेचा केला नाही.'

हेल्काने ते चारदा वाचलं. कुणीतरी, अखेर कुणीतरी, त्या वेइक्कोचे कान उपटले होते! नक्की कुणी धीट तरुण मुलगी असणार. प्रस्तावाचा पुढचा भागही पक्का होता. कुठे किती धूळ, कोणत्या रंगात काय दिसेल, सगळं नितळ लिहिलेलं. तिने अभिप्रायात तसंच लिहिलं.

बैठक पडद्यावर झाली. हेल्काने आधीच सांगून टाकलं, "यात माझ्या कामाचा उल्लेख आहे. मी बाहेर जाऊ का?"

अध्यक्षबाई हसल्या. "उल्लेख झालेल्यांना बाहेर काढलं, तर मी एकटीच उरेन. बस तू."

एका सदस्याने शंका काढली, "त्या टीकाकाराबद्दल भाषा जरा कडक नाही वाटत?"

"कडक?" हेल्का म्हणाली. "मला तर फारच मवाळ वाटली."

सतरा नंबर निवडला गेला. यादी संपल्यावर नावं पडद्यावर आली. सतरासमोर वेइक्कोचं नाव होतं.

हेल्काने कॅमेरा बंद केला.

आधी ती भयंकर चिडली. मग तिला हसू फुटलं. मग तिने तो परिच्छेद पुन्हा उघडला आणि या वेळी तो वेइक्कोच्या घोगऱ्या आवाजात वाचला गेला. स्वतःला 'टीकाकार' म्हणून त्याने स्वतःचेच कान उपटले होते. ती ते कधीतरी वाचेल, याची त्याला अजिबात खात्री नसताना.

पण बोलायची सोय नव्हती. समितीत कोण होतं, काय ठरलं, सगळं गुप्त.

मे महिन्यात वेइक्को स्वतःच तुर्कूला आला आणि टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. सिर्पा लगबगीने बाहेर निघून गेली.

"मला दुर्बिणीचा वेळ मिळाला," तो म्हणाला.

"अभिनंदन."

"समितीत कुणीतरी फार समंजस माणूस होता. अभिप्राय इतका सुंदर लिहिलाय, की पाठच झालाय माझा."

"हो? म्हण बघू."

वेइक्कोने घसा खाकरला. "'लेखकाची दृष्टी प्रामाणिक आहे. धुळीचं विवेचन इतकं... इतकं...'"

"नितळ," हेल्का म्हणाली.

आणि तिने जीभ चावली.

वेइक्को तिच्याकडे बघत राहिला. ती खिडकीकडे बघत राहिली.

"मी काही विचारत नाही," तो शेवटी म्हणाला.

"मी काही सांगतही नाहीये."

"माझ्याबरोबर मोजायला येशील? तुझ्यासारखी नजर माझ्याकडे नाही."

"आधी तोंडाने बोल."

"काय?"

"कागदावर सगळे शहाणे असतात, वेइक्को."

त्याने टोपी दोनदा फिरवली. "त्या दिवशी मी लोकांना हसवायला बोललो. चुकलो मी. माफ कर."

"बस. कॉफी घे."

ऑक्टोबरमध्ये छायाचित्रं आली. हेल्काच्या तीनशे बारातले एकेचाळीस खरंच फटीतला उजेड निघाले. वेइक्कोने फक्त शीळ घातली आणि तिची कोपरखळी खाल्ली. मात्र धुळीखाली आणखी आठशे सहासष्ट गुच्छ होते. इतके कोवळे, की जन्मवायूचं दुपटंही त्यांच्या अंगावरून निघालं नव्हतं. दोघं पडद्याला नाक लावून बसली. "हा गुच्छ." "छे, तारा आहे तो, आपल्याच दीर्घिकेतला." "पैज?" असं रोज चालायचं.

लेख लिहून झाला, तेव्हा कुणाचं नाव आधी यावं हा प्रश्न आला.

"वाद नको," हेल्का साळसूदपणे म्हणाली. "आडनावांच्या अक्षरानुक्रमाने लावू."

"उत्तम," वेइक्को म्हणाला, आणि तिने टाइप केलं : रांताकारी, सालोविर्ता.

ते पाठवून झाल्यावर अर्ध्या तासाने हेलसिंकीच्या गाडीतून त्याचा फोन आला. "हेल्का, थांब जरा! म्हणजे तुझंच नाव आधी आलं की!"