एक बॅकअप दुकानाबाहेर

आमच्या दुकानात कॉम्प्युटर जिन्याखाली आहे. जिना माळ्यावर जातो, माळ्यावर छतापर्यंत बुटांची खोकी, आणि जिन्याखाली मी. उभं राहिलं की डोकं पायरीवर आपटतं, म्हणून कॉलेज संपल्यापासून मी बसूनच आहे. खिडकी नाही. रबराचा आणि सोल चिकटवायच्या गोंदाचा वास अंगात इतका मुरलाय की जेवतानाही तोच येतो. हे बोलून दाखवलं की मामी चिडते, म्हणते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची ही नवी तऱ्हा.

दुकान मामाचं. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मामा-मामीने मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नाही. त्यांनी माझ्यासाठी काय काय केलं हे सगळी गल्ली मला ऐकवत असते. ते दोघं मात्र चुकूनही बोलत नाहीत, आणि तेच जास्त जड जातं.

एकदा दुकानाचा कॉम्प्युटर बंद पडला तो कायमचाच. किती माल पडून आहे, कुठल्या नंबरचे जोड संपलेत, कुणाला काय पाठवायचंय, सगळं त्याच्याबरोबर गेलं. जुन्या बिलांच्या गठ्ठ्यांवरून मी अख्खा उन्हाळा ते पुन्हा टाइप केलं. तेव्हापासून दुकान बंद करायच्या आधी रोज बॅकअप घ्यायचा, आणि तो मी घ्यायचा, असं ठरून गेलं. दोन हार्ड डिस्क आहेत, एकीला लाल पट्टी, दुसरीला निळी. एक दुकानात राहते, एक माझ्या पर्समधून घरी जाते, दुसऱ्या दिवशी उलट. आग लागली, चोरी झाली, तरी एक वाचावी. ‘एक बॅकअप दुकानाबाहेर पाहिजे’ हे मी मामाला इतकं ऐकवलंय की तो आता ते गिऱ्हाइकांनाही ऐकवतो.

मी रसायनशास्त्र शिकले आहे, हे माझं मलाच आठवून बघावं लागतं. रात्रभराच्या प्रवासावरच्या एका शहरात पाणी तपासणारी प्रयोगशाळा आहे, तिथे मला नोकरी मिळाली. तेव्हा मामा म्हणाला, “जा की! मी काय तुला बांधून ठेवलंय? फक्त ते बॅकअपचं मला शिकवून जा.”

शिकवायला बसले, आणि माझ्या नाकी नऊ आले. बिलिंग चालू असतानाच तो बॅकअप सुरू करायचा. अर्ध्यात वायर उपटायचा. लाल डिस्क कुठली आणि निळी कुठली हे विसरायचा, आणि हे कोण, तर हजार खोक्यांतून बरोबर सात नंबरचा तपकिरी बूट डोळे मिटून काढणारा माणूस. त्याला शिकवता शिकवता रुजू व्हायची तारीख टळली. प्रयोगशाळेने दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. मामाने मला आइस्क्रीम आणून दिलं आणि म्हणाला, “जाऊ दे ठमे, जे होतं ते बऱ्यासाठीच.” आइस्क्रीम मी खाल्लं आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले.

आता त्याच प्रयोगशाळेकडून पुन्हा बोलावणं आलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. आजचा शुक्रवार.

सकाळी मामाने छाती फुगवून निळी डिस्क माझ्या हातात दिली. “काल तू घरी गेल्यावर मी केला. एका क्षणात झाला!”

बॅकअप एका क्षणात होत नाही. डिस्क लावून पाहिली. त्याने बिलिंगचं स्क्रीनवरचं चित्र, ज्यावर टिचकी मारली की प्रोग्रॅम उघडतो, फक्त तेवढंच डिस्कवर टाकलं होतं.

“मामा, ही दुकानाची पाटी झाली. पाटी काढून नेलीस आणि दुकान इथेच राहिलं.”

“अगं बाई!” मामाने कपाळाला हात लावला. “वय झालं गं. नाही शिरत डोक्यात.” मग हळूच, “तू पुढच्या महिन्यात नाही का जाऊ शकत? विचारून तर बघ.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत झाली. उद्या मी गेले आणि परवा कॉम्प्युटर मेला, तर हा माणूस कसा उभा राहणार? ज्याने मला शाळेचे बूट स्वतः गुडघ्यावर बसून घातले, त्याला असं टाकून जाऊ? पायऱ्यांची खालची बाजू मी इतक्या वर्षांत पाठ केली होती. कुठल्या पायरीला गाठ आहे, कुठलीचा खिळा बाहेर आलाय. वाटलं, म्हातारी होईन ती इथेच.

आदल्या आठवड्यात मामीजवळ गाऱ्हाणं केलं होतं. ती भांडी विसळत म्हणाली, “त्याला नाही येत? फोनवर दिवसभर बुद्धिबळ खेळतो, कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांशी. आणि जिंकतो मेला.” मी हसण्यावारी नेलं.

दुपारी आम्ही शटर अर्धं ओढतो, तेव्हा मी नोकरीसाठी फोटो काढून घ्यायला बाहेर पडले. फोटोवाल्याचं दुकान बंद निघालं, तशी परत फिरले आणि मागच्या दाराने आत आले. चपलेत खडा गेला होता. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसून तो काढत होते. समोर जमिनीलगत तिरका आरसा असतो ना, बूट घालून पाय बघायचा, त्यात जिन्याखालची जागा दिसते. मामा माझ्या खुर्चीत बसला होता.

त्याने बिलिंग बंद केलं. निळी डिस्क लावली. योग्य तिथे टिचकी मारली आणि चष्मा पुसत शांतपणे थांबून राहिला. बॅकअप पुरा झाल्यावर, जे मी त्याला फक्त एकदाच सांगितलं होतं तेही त्याने केलं: कॉपी उघडून कालची दोन बिलं ताडून पाहिली. मग रीतसर डिस्क काढली, तिची वायर गुंडाळली, पिशवीत ठेवली. माझ्यापेक्षा नीट.

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं उठवणार! एक चप्पल हातात, एक पायात, तशीच जिन्याशी गेले.

“वय झालं ना रे तुझं? डोक्यात शिरत नाही ना?”

मामा दचकून उठला आणि त्याचं डोकं पायरीवर आपटलं. एरवी मी धावले असते.

“कधीपासून येतंय तुला?”

तो डोकं चोळत राहिला. “पहिल्या दिवसापासून.”

“माझी नोकरी गेली, मामा! तुझ्या नाटकापायी गेली. रडले मी. तुला ऐकू आलं असेल पलीकडच्या खोलीत.”

“आलं.”

“आणि तू आइस्क्रीम आणलंस?”

“दुसरं काय आणणार होतो?” तो म्हणाला. “नको जाऊ म्हटलं असतं, तर तू राहिली असतीस. वाढवल्याची किंमत मागितल्यासारखं झालं असतं ते. म्हटलं, मीच मठ्ठ ठरतो. मठ्ठ माणसापायी राहिलीस तर निदान त्यात कुणाचे उपकार नाहीत.” तो पुन्हा खुर्चीत बसला. “इथली डिस्क मी रोज नीट करून ठेवतो गं, तू बाहेर गेलीस की. भीती वाटते. आधी कॉम्प्युटर जायची वाटायची, आता तू जायची वाटते.”

मला त्याला घट्ट धरावंसं वाटलं आणि हातातली चप्पलही फेकून मारावीशी वाटली. शेवटी मी ती पायात घातली.

“मी रविवारच्या गाडीने जाणार आहे,” मी म्हणाले.

“जा,” तो म्हणाला. या वेळी ‘फक्त’ नव्हतं.

रविवारी मी गाडीत चढताना मात्र त्याने खिशातून लाल पट्टीची डिस्क काढली. “एक बॅकअप दुकानाबाहेर पाहिजे. तूच म्हणतेस. ही तुझ्याकडे ठेव.”

“इतक्या लांब?”

“लांब असेल तेवढं बरं. पण शिळा बॅकअप काय कामाचा? महिन्याच्या महिन्याला आणून बदलून न्यायची.” त्याने माझ्याकडे न बघता माझी बॅग उगाच सरळ केली. मामीने पदराने तोंड झाकलं. हसत होती की रडत, कळलं नाही.

हल्ली बॅकअप इंटरनेटवरून आपोआप जातो. कुणाला कुठे न्यावा लागत नाही, आणावा लागत नाही. बसल्या जागी तासाभरात मी ते लावून दिलं असतं. मला हे माहीत होतं, आणि त्याला माहीत नसेल असं म्हणायची माझी आता छाती नव्हती.

मी डिस्क घेतली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाले, “पुढच्या महिन्यात निळी तयार ठेव.”