परक्या फळीवरचा पितळी डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. झाकण घट्ट, आतून कल्हई, आणि पोटावर कोरलेलं नाव, 'ठकुबाईकडून सीताबाईस'. ठकुबाईने लेकीला लग्नात दिलेला मी. सीताबाईबरोबर भिवंडीजवळच्या पूर्णा गावात आलो आणि तिच्याइतकाच ताठ राहिलो. आजकालचे प्लास्टिकचे डबे दोन वर्षांत तडकतात, आणि मिजास बघा त्यांची!

आमच्याकडे रीत आहे. शेजारी डबा गेला की रिकामा परत येत नाही. लाडू गेले तर मूठभर तांदूळ येतात, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. त्या रीतीनेच मी वाचलो. शेतात गोदामं उभी राहिली, नवा बंगला झाला, आणि सून निशाने घरातलं सगळं पितळ भंगारवाल्याच्या तराजूत घातलं. हंडे गेले, परात गेली, माझा जुळा भाऊ गेला. मी तेवढा त्या दिवशी शेजारच्या हौसाकडे होतो. सीताबाईची जीभ एरवी विळीसारखी, पण सुनेपुढे 'राहू दे' म्हणायचं तिच्या मानाला झेपलं नाही. ती ओट्यावर मान ताठ ठेवून नुसती बघत राहिली. तेव्हापासून तराजूची भीती माझ्या पोटात बसली आहे.

गेल्या वर्षी नातू भाविक तिला जॉर्जिया देश दाखवायला घेऊन गेला. तांदळाच्या पिठाचे लाडू भरून मीही निघालो. विमानतळावर मला पट्ट्यावरून अंधाऱ्या यंत्रात ढकललं, तेव्हा वाटलं, आता वितळवतात!

एक दिवस वाइनचे कारखाने बघण्यासाठी राखला होता. सकाळी दोन झाले. पेला हलवा, वास घ्या, मग कुठे एक घोट. सीताबाई म्हणाली, "एवढ्या येलात माझा सासरा ताडावं चढून उतरायचा."

तिसरं ठिकाण म्हणजे मानाना नावाच्या म्हातारीचं घर. अंगणात मोठाले रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, त्यांत वाइन. मानानाने चीज भरलेल्या गरम रोट्या वाढल्या, सीताबाईचा हात सोडला नाही. सीताबाईने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "ताडीची सर न्हाय. पन बाई चांगली हाय."

आणि तिने मला मानानाच्या हातात दिलं. मानानाने मला छातीशी धरलं आणि उंच फळीवर, घरच्यांच्या फोटोंच्या रांगेत ठेवून दिलं. लाडवांसकट! तिला वाटलं, डबाही भेट.

मी गारठलो. इथे माझं नाव कोण वाचणार? कल्हई कोण करणार? बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"आजी, डबा राहिला," भाविक म्हणाला.

"गप रे. देलेली वस्तू मागाची? आपन काय भिकारी हाव?"

"तू लाडू दिलेस, डबा नाही. मी सांगतो ना त्यांना."

"तोंड उघाडलंस तर बघ!"

ती गाडीत जाऊन बसली. खिडकीतून मला तिची मान दिसत होती. ताठ. ओट्यावर होती तशीच. गाडीचं दार लागलं, इंजिन सुरू झालं. मला तराजूची साखळी ऐकू यायला लागली.

मग दार पुन्हा उघडलं. सीताबाई गुडघे धरत उतरली, घरात आली आणि फळीकडे बोट केलं. मानानाने मला खाली काढलं. सीताबाईने झाकण उघडून पहिला लाडू तिच्या तोंडात भरवला, मग घरच्यांना, ड्रायव्हरला, भाविकला. मी रिकामा झाल्यावर तिने मला मानानापुढे उघडा धरला आणि तळावर बोटाने टकटक केलं.

"रिकामा डबा आम्ही न्हेत न्हाय, बाय."

मानाना कपाळावर हात मारून हसली आणि मला गळ्यापर्यंत अक्रोडांनी भरलं.

गाडीत सीताबाईने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. "येक डाव गप ऱ्हायले," ती म्हणाली, "तवा घर रिकामं झालं."

आता मी बंगल्यात काचेच्या कपाटात असतो. अक्रोड संपले. सीताबाईला चालवत नाही, त्यामुळे शेजारी जाणं बंद झालं आहे. गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा वाजला की मी झाकण घट्ट आवळून घेतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणीतरी असेल. त्याला शोभेला ठेवू नका. त्यात काहीतरी घाला, शेजारी पाठवा, आणि तो परत आणायला लाजू नका. भरलेला डबा कुणी तराजूत टाकत नाही.