दोन खिळ्यांमधली वाव

सन मला सांगता येणार नाही, कारण तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पण माझ्या धाकट्या मुलीला जुळ्या मुली झाल्या, तेच ते वर्ष. एक निजली की दुसरी उठायची. त्या उठाठेवीत माझी कंबर कामातून गेली होती. तरी उजाडलं की दादाबरोबर होडीवर जायचं चुकत नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नवरा गेल्यावर मी माहेरी आले, होडीच्या सुकाणूवर बसले, आणि बसले ती बसलेच. सुकाणू माझ्याकडे, दोरी दादाकडे. होडी बैलाच्या चालीने चालवायची आणि मागे पत्र्याचा चकचकीत खोटा मासा पाण्यातून ओढत न्यायचा, अशी आमची मासेमारी. मागे दोरी किती सोडली यावर सगळं असतं. दोरी कमी, तर खोटा मासा वरवर पळतो. दोरी जास्त, तर तो खाली जाऊन खडकात अडकतो. आमच्या तळ्यातले मोठे मासे उन्हाळा सरला तरी खोलात बसून राहायचे. तिथपर्यंत पोचायला दोरी लागायची पंचवीस वाव.

दोन्ही हात ताणून पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढी दोरी मावते ती एक वाव. आता हात कुणाचे, हा प्रश्न आलाच. आमच्या वडिलांनी तो आधीच सोडवून ठेवला होता. होडीच्या शेडमध्ये, मागच्या भिंतीवर, त्यांनी आपले हात पसरून दोन टोकांना दोन खिळे ठोकले होते. दादा वयात आला तेव्हा त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं. त्याची बोटं खिळ्यांना बरोबर टेकली. मग मला उभं केलं. मी तळहातभर कमी पडले. तेव्हापासून दोरी दादाची झाली आणि माझं नाव आखूड पडलं. माझी मुलं मोठी झाली तरी दादा मला आखूडच म्हणायचा.

त्या वर्षी मासा लागेना.

आधी आम्ही वाऱ्याला दोष दिला. मग पाण्याला. मग पलीकडच्या काठावरच्या होड्यांना. पण त्यांच्या पेट्या भरत होत्या. आमची पेटी सकाळी जशी जायची तशी दुपारी यायची, फक्त ओली होऊन.

एकदा जेवताना वहिनीने विषय काढला. दादाचा मुलगा, माझा भाचा, शहरातून आला होता. तो मान खाली घालून जेवत होता, म्हणजे दोघांचं आधी बोलणं झालेलं होतं.

"थंडी पडेपर्यंत बघायचं," वहिनी म्हणाली. "तोवर मासा लागला तर ठीक. नाहीतर होडी विकायची आणि आपण दोघांनी याच्याकडे राहायला जायचं. मागच्या वर्षी शेडच्या पायरीवरून पडलात, खांदा धरून महिनाभर कण्हत होतात. आता पाण्यात पडायची वाट बघू का मी?"

"खांदा बरा झाला."

"बाबा, दुसऱ्या मजल्यावर घर आहे, छान गॅलरी आहे," भाचा म्हणाला.

"गॅलरीत बसून काय करू? खालून जाणाऱ्यांची टकली मोजू?"

"मोजायचंच असेल तर आता दोरी गुंडाळायची, आकडे दाखवणारी चक्री मिळते. किती दोरी बाहेर गेली ते आपोआप दिसतं."

"मला आकडे दाखवायला हे हात आहेत," दादा म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुमचंच ऐकतात."

ते काही खरं नव्हतं. माझं ऐकायचा तो फक्त डावीकडे वळायचं की उजवीकडे, एवढंच. पण एक मला दिसत होतं. दादा पाण्यावरून उतरला की त्या गॅलरीत हिवाळाही काढणार नाही. ते वहिनीलाही दिसत असावं. ती दमली होती. आम्ही सगळेच दमलो होतो.

तळ्याच्या मध्याला पाण्याखाली खडकाचा एक लांबट उंचवटा आहे. आम्ही त्याला म्हातारीची पाठ म्हणायचो. पंचवीस वाव दोरी सोडून त्यावरून गेलं की खोटा मासा खडकाला निसटता घासायचा आणि होडीच्या मागे लावलेल्या काठीचं टोक टकटक हलायचं. दादा म्हणायचा, "म्हातारीने ओळख दिली." तिथून पुढे मासा लागायचा.

दुसऱ्या दिवशी पाठीवरून जाताना माझं लक्ष काठीच्या टोकाकडे गेलं. ते हललं नाही. मी होडी वळवून पुन्हा नेली. काही नाही.

"आता का गोल गोल फिरवतेस? गिरणी आहे का ही?"

"म्हातारी ओळख देत नाही, दादा."

"पाणी चढलं असेल."

परत आल्यावर मी धक्क्याचा खांब पाहिला. पाण्याची हिरवी रेघ होती तिथेच होती. मग त्याच्या पुढच्या दिवशी मी पुढे बघायचं सोडून मागे बघितलं. दादा मोठ्याने मोजत दोरी सोडत होता. डावा हात सरळ जात होता. उजवा कोपरात वाकलेलाच राहत होता, आणि त्याला ते कळत नव्हतं. त्याच्या मनात तो हात पुरता पसरलेला होता. आकडा पंचवीसच यायचा, पण दर वावेला सव्वा वीत होडीतच राहत होती. म्हणजे पंचवीस वावांत मिळून जवळजवळ चार वाव कमी. आमचा खोटा मासा माशांच्या डोक्यावरून फिरून यायचा.

दुपारी तो झोपला आहे असं समजून मी आमची दोरीची साधी चक्री घेऊन शेडमध्ये गेले. एका खिळ्याला दोरी अडकवायची, दुसऱ्यापर्यंत ताणायची, पुन्हा पहिल्याला आणायची. पंचवीस झाल्यावर लाल दोरा बांधायला घेतला, तर दारात दादा.

"हे काय चाललंय?"

"खूण करतेय."

"खुणा नवशिक्यांना लागतात. माझ्या हातावर विश्वास नाही?"

मला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता. मी म्हटलं, "दादा, खिळ्यांशी उभा राहा."

तो हसला. "चल. आज तुला पुन्हा आखूड ठरवतो."

भिंतीला पाठ लावून त्याने हात पसरले. डाव्या हाताची बोटं खिळ्याला टेकली. मग त्याने मान उजवीकडे वळवली. खिळा दूर होता. त्याने जोर केला. कपाळावर शीर आली, ओठ पांढरे पडले, पण हात तिथेच.

"खिळा हलवलास?"

"नाही."

"भिंत वाढली असेल मग," तो म्हणाला, आणि हात खाली घेऊन पालथ्या बादलीवर बसला. खांदा चोळत जमिनीवरच्या दोरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पडल्यापासून?"

"बहुतेक."

"म्हणजे अख्खा हंगाम मी माशांना नुसता टाटा करत होतो." आणि थोड्या वेळाने, "बांध तो दोरा. घट्ट बांध. तुझ्या गाठी सुटतात."

सकाळी होडीत चढताना तो सुकाणूकडे गेला आणि माझ्या जागेवर बसला.

"दादा, ती माझी जागा."

"सुकाणू एका हाताने चालतं. दोरीला दोन लागतात. सरक मागे, आखूड."

इतक्या वर्षांत मी त्या टोकाला कधी बसले नव्हते. लाल दोरा बोटातून जाईपर्यंत मी दोरी सोडली आणि काठीला अडकवली. दादा होडी वाकडी नेत होता. म्हातारीच्या पाठीवर आलो आणि काठीचं टोक हललं. टकटक. दादाने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याला काठीच्या आवाजावरून कळलं. म्हणाला, "आली बाई एकदाची," आणि शर्टाच्या बाहीने नाक पुसलं.

त्या दिवशी चार मासे लागले. दोरीने माझे तळहात कापले गेले. पेटी भरली नव्हती, पण रिकामीही नव्हती. वहिनीने झाकण उघडून पाहिलं.

"दोरी कोणी सोडली?"

"आखूडने," दादा म्हणाला.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"होडी हाकली. वाकडी."

वहिनीने माझे हात पाहिले, मग त्याचा खांदा पाहिला. "हाका मग," ती म्हणाली. "वाकडी तर वाकडी." आणि सुरी आणायला आत गेली. होडी विकायचं पुन्हा कुणी काढलं नाही. थंडी पडेपर्यंत आम्ही रोज गेलो, आणि थंडी पडल्यावरही गेलो.

जुळ्या रांगायला लागल्या त्या महिन्यात दादा वारला. सकाळी होडीवर जाऊन आला होता. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठला नाही. वहिनी त्यानंतर चार वर्षांनी गेली.