उपनायकाने चाखलेलं पिठलं

शिवाजी पार्कवर तीन दगडांच्या चुली धुमसत होत्या आणि बालवीर पथकाची पोरं डोळे चोळत पिठल्याशी झटापट करत होती. पथकाची रीत अशी, की रांधून झालं की उपनायकाने प्रत्येक पातेल्यातलं तळहातावर घेऊन चाखायचं, "पास" म्हणायचं आणि मगच पाहुण्यांचं पान वाढायचं. उपनायक होता नायगावच्या चाळीतला जगदीश. पोरांनीच त्याला हात वर करून निवडला होता. हे काम आज पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला आलं होतं, म्हणून कमलाबाईंनी लेकाच्या गणवेशावर तापलेला तांब्या फिरवून दिला होता.

पथकनायक गंगाधर सरांनी त्याला बाजूला घेतलं.

"आज चव तुझ्याऐवजी हेरंब बघेल. आनंदीबाई पाहुण्या आहेत, जुन्या वळणाच्या. तुम्ही आता बौद्ध झालात, मला त्याचं काही नाही रे, पण त्यांना पचायला वेळ लागेल. तू लाकडं बघ."

घटकेपूर्वी हेच सर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला लावून 'मराठी माणूस तेवढा एक' म्हणून घसा फोडत होते. त्याच तोंडातून हे! जगदीशला शिसारी आली.

"उपनायकाचं काम आहे, सर. मीच करणार."

तो थेट चुलींकडे गेला. "मीठ कमी आहे, टाक... हं, पास."

सत्याग्रहात तुरुंग भोगून आलेल्या आनंदीबाई समोरच उभ्या राहून हे बघत होत्या. त्यांनी गवतावरच मांडी ठोकली, भाकरी मोडली आणि पिठलं ओरपलं. "उपनायक, अजून वाढ रे बाबा."

जुनं वळण कोणाचं, हे जगदीशला कळून चुकलं.

"सर, तुम्हीही बसा ना," बाई म्हणाल्या.

"माझा आज उपास," सर बुटांकडे बघत म्हणाले.

थुंकावंसं वाटलं जगदीशला. पाहुण्यांसाठी आणलेल्या फणीतलं एक केळं त्याने तोडलं, पुरतं सोललं आणि पुढे धरलं. "उपासाला चालतं, सर."

सालीसकट दिलं असतं तर सरांनी घेतलंही असतं. सोललेल्या केळ्याकडे ते नुसते बघत राहिले. हात काही पुढे आला नाही. बाईंचा घास हातातच राहिला.

जगदीशने ते केळं स्वतःच खाल्लं, सावकाश, सरांकडे बघत. मग वळून त्याने हाक दिली, "पथक, जेवायला बसा!"

पोरं बसली. सर उभेच राहिले.